पाद्रीसाहेबांचा चेहरा, लखूचे हात

कॅसलरॉकच्या प्रार्थनाघरात वृद्ध पाद्रीसाहेबांचे तैलचित्र होते. पांढरी दाढी, काळा झगा, मांडीवर धर्मग्रंथ. ग्रंथावरचे हात मात्र साहेबांचे नव्हते. ते त्यांच्या स्वयंपाक्याचे, लखूचे होते. चेहरा रंगवून झाला आणि साहेब हिवतापाने गेले. चित्रकाराला गोव्याला परतण्याची घाई. त्याने साहेबांचा झगा लखूला चढवून त्याला खुर्चीत बसवले. धन्याचे शेवटचे काम म्हणून लखू बसला.

मध विकायला आलेल्या गावकऱ्याने खिडकीतून हे पाहिले. लखू पाद्री झाला, असे गावभर झाले आणि त्याला वाळीत टाकले. खुलासा कोणी मागितला नाही. आपल्याकडे बहिष्काराला साक्षीपुरावा लागत नाही. बायको गिरजा तान्ह्या केशरला घेऊन दिराच्या आश्रयाला राहिली. लखू मिशनच्या बंगल्यावरच अडकला. बाप्तिस्मा न घेतल्यामुळे ख्रिस्ती मंडळीही त्याला आपला म्हणत नसत. पावसाळ्यात चित्रावर बुरशी धरे. ती पुसण्याचे काम त्याच्याचकडे होते.

केशरचे लग्न ठरले, तेव्हा तो पंचांपुढे उभा राहिला. तेथील शाळामास्तर या नात्याने मीही सोबत गेलो होतो. माझे म्हणणे कोणी ऐकून घेतले नाही. पंचांतला परशू म्हणाला, "ते हात आमच्या डोळ्यांदेखत पूस. मग मांडवात ये."

लखूने नव्या पाद्रीसाहेबांचे पाय धरले. हे दयाळू गृहस्थ, आणि दयाळू माणसे समोरच्याचे पुरते ऐकतातच असे नाही. चित्र विद्रूप करणे त्यांना पटेना, नोकराचे दुःखही पाहवेना. त्यांनी चित्र पेटीत घालून रेल्वेने दूर मिशनच्या मुख्य ठाण्याला धाडले आणि आता काळजी मिटली, असे लखूला सांगितले.

लग्नाच्या आदल्या दिवशी पंच आले. भिंत मोकळी होती.

"हात कुठं हायत?" परशूने विचारले.

"रेल्वेनं गेलं, दादा."

"पुसलं न्हाईस न्हवं? मग तू बी जा त्यांच्या मागनं."

बाकीचे हसले. चित्र आता भिंतीवर नाही, मग हरकत कशाला, असे मी परोपरीने विचारले. ते कुठेतरी टांगलेले असणारच, एवढेच उत्तर मिळाले.

कन्यादान केशरच्या काकाने केले. लखू मांडवाबाहेर फणसाखाली उभा होता. मंगलाष्टके संपताना त्याने अक्षतांची मूठ उचलली, तशा बायका त्याच्याकडे पाठी करून केशरभोवती उभ्या राहिल्या. त्यांत गिरजाही होती.

त्याने तांदूळ तिथेच खाली ठेवले आणि तो बंगल्याच्या वाटेला लागला. साहेबांच्या जेवणाची वेळ झाली होती.