मास्तरांचा गुडघा

मोटार शिकवण्याच्या धंद्यात मास्तरांना मोठा मान होता, आणि तो सगळ्यात जास्त खुद्द मास्तरांच्याच मनात होता. इतकी वर्षं गाडी नवशिक्यांच्या हाती देऊनही तिला साधा ओरखडा नाही, हे ते ओळख झाल्याबरोबर सांगत. ओळख जुनी असली तर पुन्हा सांगत. ओरखडा नव्हता हे खरंच. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. त्यावर मास्तरांचा उजवा पाय असा तरबेज झाला होता की लांबवर सायकल दिसायचा अवकाश, गाडी उभी. आपल्यालाही एक ब्रेक दिलेला आहे याचा शिष्याला पत्ता लागेपर्यंत सगळं आटोपलेलं असे.

शिष्य मात्र परीक्षेत धडाधड नापास होत. परीक्षेची गाडी सरकारी, तिला एकच ब्रेक. पण "परीक्षा घेणारा साहेब खडूस आहे" या निदानापुढे मास्तर कधी गेले नाहीत. शिवाय नापास झालेला शिष्य तोंड पाडून पुन्हा मास्तरांकडेच शिकवणी लावी. अशी बरकत असताना आपलं काही चुकतंय असं कुणाला वाटेल?

एकदा त्या साहेबांनीच त्यांना गाठलं. "मास्तर, एक विचारू? समोर काही आडवं आलं की तुमची सगळी पोरं माझ्या गुडघ्याकडे का बघतात हो?"

"आदर असेल," मास्तर म्हणाले.

मग त्यांची स्वतःची मुलगी नापास झाली. एकदा नव्हे, दोनदा. तिला फिरत्या दवाखान्यात समुपदेशकाची नोकरी मिळाली होती आणि तिथली गाडी तिनेच चालवायची होती. रुजू व्हायच्या आधी आणखी एकदाच परीक्षा देता येणार होती. तीही हुकली की नोकरी दुसऱ्या कुणाच्या पदरात पडणार. मुलगी मानसशास्त्र शिकलेली. कॉलेजात पांढऱ्या उंदरांना दाणे टाकून टाकून तिने नाना गोष्टी शिकवल्या होत्या, त्यामुळे स्वतःचं काय झालंय हे तिच्या लक्षात यायला अर्थातच सगळ्यात उशीर लागला.

"बाबा, मी गाडी शिकलेच नाहीये," ती जेवताना म्हणाली. "तुमचा गुडघा हलला की गाडी थांबते, एवढंच शिकलेय. दिवा लागला की दाणा मिळतो हे उंदराला कळतं ना, तसं. दिवाच लागला नाही तर तो बिचारा वाट बघत बसतो."

"म्हणजे मी उंदीर?"

"नाही हो, तुम्ही दिवा. उंदीर मी. याला अभिसंधान म्हणतात."

"आमच्याकडे याला नापास म्हणतात," आईने आमटी वाढता वाढता सांगितलं.

मास्तरांनी मनाला लावून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून पायाला ताब्यात ठेवण्याचा निश्चय झाला. ते सीटवर चक्क मांडी घालून बसले, आणि पहिल्याच वळणावर मांडी आपोआप सुटली. मग ते मागे बसले. तिथे ब्रेक नव्हता, पण पाय होताच. समोर हातगाडी दिसली आणि मास्तरांनी धाडकन पाय आपटला. मुलीने तो आवाज ऐकला आणि आज्ञाधारकपणे गाडी थांबण्याची वाट बघत बसली. हातगाडी अगदी नाकाशी आल्यावर मास्तरांनी मागून झेप घेऊन हँडब्रेक ओढला. हातगाडीवाल्याने दोघांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"उतरा," मुलगी म्हणाली. मास्तरांना गाडीतून उतरवणारी ती पहिलीच शिष्या.

आता शेजारी आई बसू लागली. लग्नाआधीच ती आपल्या भावाकडून गाडी शिकली होती. लग्नानंतर स्टिअरिंगला हात लागायची वेळच आली नाही, कारण घरात मास्तर होते. गाडी शेजाऱ्यांकडून मागून आणलेली, साधी. आईची शिकवण्याची पद्धत अशी की ती रिकाम्या मैदानात दहा मिनिटांत डुलक्या घेऊ लागे. झोपलेल्या बाईचा गुडघा काय सांगणार? पहिल्या दिवशी गाडी कचऱ्याच्या पिंपाला भिडली. आईने डोळे उघडले. "आपटली? बरं. आता मागे घे," म्हणाली आणि पुन्हा डोळे मिटले. पिंपाचे पैसे मुलीने भरून दिले. दुसऱ्या पिंपाआधी मात्र तिचा पाय आपणहून ब्रेकवर गेला. मास्तर कुंपणाबाहेर येरझाऱ्या घालत होते. आपल्याशिवायही गाडी थांबते, हे बघून त्यांना अजिबात आनंद झाला नाही.

मुलगी पास झाली. साहेबांनी हात मिळवला. परत येताना त्याच मागून आणलेल्या गाडीत मास्तर तिच्या शेजारी बसले, आई मागे. वळणावर एक म्हातारे गृहस्थ इकडेतिकडे न बघता रस्त्यात उतरले. मुलीने ब्रेक दाबला. गाडी त्यांच्यापासून चांगली लांब थांबली.

"आई गं!" मास्तर कळवळले.

"काय झालं, बाबा?"

"पायात गोळा आलाय." त्यांनी पायाखालची मॅट पार चुरगाळली होती.

"तिथे ब्रेक नाहीये."

"माहितेय गं." मास्तर पोटरी चोळत राहिले. मग खाली बघूनच म्हणाले, "मला भीती वाटते. पहिल्या शिष्यापासून वाटतेय. ब्रेक दाबला की तेवढ्यापुरती जायची."

मागे आई जागी होती.

"मलाही वाटली आत्ता," मुलगी म्हणाली. "म्हणून तर थांबले."

म्हातारे गृहस्थ पलीकडे पोचले. तिने पहिला गिअर टाकला.