बुटाच्या टाचेवरचं दीड हजारांचं घर

गुरुवार, १५ फेब्रुवारी २००१, संध्याकाळी सात. स्थळ: दुबईत करामा, तिसरा मजला, आमचं एका बेडरूमचं भाड्याचं घर. हजर: मी, माझे यजमान अविनाश, मुलगी रेवा, वय तेरा (मराठी समजतं, उत्तर इंग्रजीत), आणि ह्यांच्या ऑफिसातले इटालियन इंजिनिअर साल्वातोरे. त्या संध्याकाळी मी आमचं राहतं घर जवळजवळ घालवलं.

ह्यांच्या कंपनीने दक्षिण इटलीत, लेच्चे प्रांतात, तीन वर्षांसाठी बदली देऊ केली होती. नकाशावर इटलीचा बूट असतो ना, त्याच्या टाचेवर. पगार दुबईचाच, आणि घरभाडंही इथल्यासारखंच आपलं आपण भरायचं. होय की नाही, ते शनिवारी सकाळी कळवायचं होतं. मी कागद घेतला, मधोमध रेघ मारली, डावीकडे दुबई, उजवीकडे लेच्चे, आणि खाली एक्केचाळीस प्रश्न. साल्वातोरे मूळचे तिथलेच, म्हणून त्यांना जेवायला बोलावलं. (भरली वांगी हे आमिष!)

पोळी वाढता वाढता मी बटाट्यापासून सुरुवात केली. बटाटे, दूध, वीज, केस कापणं. ते लिरामध्ये आकडे सांगत, मी भागिले सहाशे करून दिरहम काढी आणि गुणिले पावणेतेरा करून रुपये. आठवा प्रश्न घराचा. त्यांच्या बहिणीचं, रोझाबाईंचं, घर रिकामंच होतं. तीन खोल्या, अंगण, अंगणात लिंबाचं झाड.

"भाडं?"

"नऊ लाख लिरा," साल्वातोरे म्हणाले.

नऊ लाख भागिले सहाशे, दीड हजार दिरहम. करामात आम्ही अठ्ठावीस हजार भरत होतो!

"मम्मी, इज दॅट पर मंथ ऑर पर इयर?" रेवाने विचारलं.

"मोठ्यांच्या मधे बोलू नये. कोशिंबीर घे."

आता माझी बाजू ऐका. दुबईत घराचं भाडं वर्षाचंच सांगतात. चार चेक आगाऊ द्यायचे, विषय संपला. दहा वर्षांत महिन्याचं भाडं हा शब्द मी ऐकलेला नव्हता. तरी दीड हजार मलाही जरा कमीच वाटले. म्हणून रुपयांत पाहिलं: एकोणीस हजार. आमच्या कुडाळला तीन खोल्यांना वर्षाला एवढेच पडत होते! साल्वातोरे स्वतःच सांगत होते, गाव लहान आहे, तरुण मुलं नोकरीला उत्तरेकडे जातात. म्हणजे कुडाळच की! हिशेब चोख जुळला.

मी कपाट उघडलं आणि दीड हजार दिरहम पाकिटात घालून त्यांच्यापुढे ठेवले. एकरकमी! ते इतके गहिवरले, की त्यांनी वांग्याचं देठही खाल्लं.

"अगं, जरा विचार करायचा का?" हे स्वयंपाकघरात कुजबुजले.

"एक्केचाळीस प्रश्न विचारलेत. अजून किती विचार करायचा?"

शनिवारी सकाळी ह्यांनी कंपनीला होकार दिला. त्याच सकाळी मी इमारतीच्या नातूरला, म्हणजे राखणदार बशीरभाईंना, मार्चअखेर घर सोडत असल्याचं लेखी दिलं. दोन प्रतींत. पोच घेतली.

सोमवारी मी बाजारातून परतले, तर घराचं दार उघडं. बशीरभाई उभे, आणि एक अनोळखी बाई माझ्या खिडकीला टेप लावून पडद्याचं माप घेत होत्या. त्यांच्या हातात यादी होती!

"बहनजी, ये कीलें आप छोड़के जाएँगी ना?"

खिळेसुद्धा यादीत! मी उदार मनाने म्हटलं, "सब रखिए. हम तो इटली जा रहे हैं."

त्या खाली उतरल्या आणि फोन वाजला. हे होते.

"ऐक. साल्वातोरेंच्या बहिणीने भाडेपट्टा फॅक्स केलाय."

"अरे वा!"

"वा नाही. नऊ लाख महिन्याला आहेत. तू दिलेस ते मार्चअखेरपर्यंत घर राखून ठेवल्याचे. वर्षाचे अठरा हजार होतात, इथल्यापेक्षा कमी, पण तिथे पगारावर कर आहे, तो आणि बाकीचा खर्च धरला तर महिन्याच्या वीस तारखेनंतर आपण जेवायचं नाही."

मी खुर्चीवर बसले. (त्या बाईंनी तीही मागून ठेवली होती.)

"बदलीला नाही म्हणा. आत्ताच्या आत्ता! आणि चेकबुक घेऊन घरी या."

"आणि घर?"

घर! मी जिने उतरत धावले. बशीरभाई कुलूप हातात घेऊन उभे होते. मालकाचं ऑफिस एक वाजता बंद होऊन थेट चारला उघडणार होतं. घड्याळात बारा वीस.

"बशीरभाई, वो नोटीस वापस!"

"मैडम, पार्टी चार बजे आने वाली है. जिसका चेक पहले, फ्लैट उसका."

हे ट्रॅफिकमध्ये अडकले. बारा चाळीस. रेवा शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि म्हणाली, "आर वी होमलेस?" बारा पन्नास. माझ्या डोळ्यांसमोर आमचं सामान फुटपाथवर, सर्वांत वर मिक्सर. बारा त्रेपन्नला टॅक्सी थांबली. ह्यांनी टॅक्सीच्या बॉनेटवर चेकबुक ठेवलं.

"किती लिहू?"

समोरच्या पार्टीने किती बोलून ठेवलं असेल? धोका पत्करायची ही वेळ नव्हती.

"एकतीस हजार!" मी ओरडले.

चार चेक, चार सह्या. एकला दोन मिनिटं असताना ते ऑफिसच्या टेबलावर पडले. बशीरभाई पावती घेऊन बाहेर आले.

"मैडम, वो लोग तो छब्बीस बोलके गया था. आपको तो पुराने भाव में ही मिल जाता."

"मग... वापस..."

"खलास, मैडम. अगले साल, इन्शाल्ला."

हे दोन दिवस माझ्याशी फक्त आकड्यांत बोलले. साल्वातोरेंनी पाकीट परत केलं. बदली नाकारल्याचं खरं कारण त्यांना सांगायची ह्यांना लाज वाटली, मान खाली घालून हे एवढंच म्हणाले, "घरगुती कारण आहे." साल्वातोरेंनी ह्यांचा हात दाबला आणि छातीवर क्रूस काढला.

तीन आठवड्यांनी रोझाबाईंचं कार्ड आलं. काळी किनार, पांढरी फुलं. साल्वातोरेंनी अर्थ सांगितला: तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत, दिवंगतांसाठी चर्चमध्ये मेणबत्ती लावली आहे, त्यांचं नाव कळवा, उत्तराची वाट पाहते.

उत्तर लिहायचं अजून राहिलंय. दर महिन्याच्या यादीत मी ते पहिल्या क्रमांकावर लिहिते. पण आधी कोण गेलं ते ठरवायला हवं. सासूबाई ठणठणीत आहेत, हे तयार होत नाहीत, आणि माझा हिशेब गेला म्हणून कुणी मेणबत्ती लावत नाही.