उपरण्याखालचा हात

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोपाशी नाही, येडेश्वरीच्या पायरीवरही नाही. तुम्ही ऐका.

मी बैलांचा दलाल. वाशी, येरमाळा — सगळे बाजार पायाखालचे. आमचे अप्पाही तेच करायचे. या धंद्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली हातात हात घ्यायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. अप्पांनी ही बोटं शिकवली ती धाकट्या दत्ताला, मांडीवर बसवून. मी दोन पावलांवर दावी धरून उभा. दत्ता पुढं मास्तर झाला. आज विचाराल तर त्याला एक आकडा आठवत नाही. मी शिकलो परक्यांच्या शिव्या खाऊन. तापट आहे, मान्य — पण मला बाजारात कुणी हात धरून आणलेलं नाही.

अप्पांना झटका आला, वाचा गेली. तरी विहिरीजवळचं रान कुणाला, असं विचारलं की मान हलायची दत्ताच्याच नावावर. आजवर ते रान कसत कोण आलं? मी! घरात आरडाओरडा केला, अप्पांचं डोकं ठिकाणावर नाही म्हणालो. शेवटी पावण्यांनी तोड काढली — धाराशिवला, दोघांच्याही ओळखीचा नाही अशा मेंदूच्या डॉक्टरकडून तपासून घ्यायचं. तो म्हणेल ते खरं.

आत एकालाच सोडणार होते. दत्ताच म्हणाला, "दादा, तुम्हीच बसा. अप्पांच्या खाणाखुणा तुम्हालाच कळत्यात."

मला? मला काय कळत होतं हे त्याला ठाऊक तरी होतं का?

डॉक्टरांनी विचारलं, शंभरातून सात गेले तर किती? अप्पांचे ओठ नुसते थरथरले. मग उपरण्याखालून त्यांचा हात आला, माझा हात शोधत. पाच बोटं दाबली, पुन्हा चार — नऊ. जरा थांबून तीन. त्र्याण्णव. आणखी सात काढा — शहाऐंशी. चोख!

उपरणं हललेलं डॉक्टरांना दिसलं. "काही सांगतायत का ते?"

"न्हाय साहेब," मी म्हणालो. "झटक्यापासून हात असाच चाळवतोय."

रानाची हाव होती, नाही कसं म्हणू? पण त्या क्षणी ती नव्हती. मी पन्नाशी गाठल्यावर यांना माझा हात सापडला — आणि तोही कशासाठी, तर दत्ताचं भलं करायला. एवढंच डोक्यात होतं. दुसरं काही नाही.

अप्पांनी हात काढून घेतला. उपरणं खांद्यावर सारखं केलं. बाजारात असं केलं की सौदा मोडला; मग माणसाला परत हाक मारत नाहीत. पुढच्या एकाही प्रश्नाला त्यांनी वर पाहिलं नाही. डॉक्टरांनी लिहिलं, निर्णय घेण्याइतकी समज उरलेली नाही. रान दत्ताच्या नावावर करायचा कागद थांबला. पुढं वाटणीत अर्धं रान माझ्याकडं आलं.

अप्पा दोन वर्षं जगले. भिंतीपुढं बोलावं तसे सगळे त्यांच्यापुढं बोलायचे — अजून किती दिवस काढतील, खाट कुठं हलवायची. दत्ता त्यांच्याशी तान्ह्या पोराशी बोलावं तसा बोलायचा. ते सगळं ऐकत होते. सगळं समजत होतं. मी तिथंच बसलेला असायचो.

दत्ता अजून म्हणतो, "दादा, त्या दिवशी तुम्ही आत होता म्हणून बरं. अप्पांना एकटं वाटलं नसंल."

मी मान हलवतो.