तिसऱ्या रांगेतला बाक

आमचा मामा सुतार. सगळी वस्ती त्याला आमेनमामा म्हणायची. सांधा नीट बसला की तो त्यावर तळहाताने थाप मारायचा आणि मोठ्याने म्हणायचा, "आमेन!" चर्चचे पाळकसाहेब म्हणत, "रविवारी अख्खी मंडळी मिळून जेवढं आमेन म्हणते, त्याहून जास्त तुझ्या एका टेबलाला लागतं."

कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची शेड. तिथे राज्य मामाचं, पण कायदा मामीचा. नवी फळी आली की मामी तिच्या पोटावर खडूने तारीख घालायची. वर्ष भरल्याशिवाय त्या फळीला रंधा लावायचा नाही. मग फळीवर गाल टेकवून तीच सांगायची, ओली की सुकी. "फळ्यांचे वाढदिवस हिला तोंडपाठ," मामा म्हणायचा. माझा मात्र ती दर वर्षी विसरायची.

मग नवं चर्च उभं राहिलं आणि चाळीस बाकांचं काम मामाकडे आलं. चर्च देवाला वाहण्याचा अर्पणविधी तीन महिन्यांवर. शेडमधलं सुकं लाकूड जेमतेम सहा बाकांना पुरणारं, बाकीचं नुकतंच आलेलं.

"अहो, ओलं आहे," फळीवरचा गाल न उचलता मामी म्हणाली. "वाकेल. मंडळी बसतील की थोडे महिने खुर्च्यांवर."

"देवाचं काम आहे. देव वाळवेल."

"देवाने आजवर वाळवलेली एक फळी दाखवा मला. वाळवतात ते ऊन आणि वारा."

"ऊन-वारा कुणाचा?"

मामाने फळ्यांवर हात ठेवून प्रार्थना केली आणि ओल्या फडक्याने सगळ्या तारखा पुसून टाकल्या.

अर्पणविधीला बाक असे झळकत होते की लोक आधी हात फिरवून बघत, मग बसत. दुसऱ्या महिन्यात पहिला सांधा उघडला. मग पाळकसाहेब "उभे राहू या" म्हणाले की चाळीस बाक करकरायचे, "बसू या" म्हणाले की पुन्हा उत्तर द्यायचे. एका रविवारी गाणाऱ्यांचा बाक दुसऱ्या कडव्यावर मधोमध मोडला. आठ माणसं खाली. त्यातल्या एका आजीबाईंनी पडता पडताही चाल सोडली नाही. सगळी मंडळी हसली. मामा हसला नाही.

कामं आटली. शाळेची टेबलं दुसऱ्या सुताराकडे गेली, करवतीचं यंत्र विकावं लागलं. मामाने आमेन म्हणणं टाकलं आणि चर्चला जाणंही.

"मी त्याच्यावर विश्वास टाकला, आणि त्याने मला भरल्या मंडळीत तोंडघशी पाडलं."

"विश्वास नाही टाकलात," मामी म्हणाली. "त्याला कामाला लावलंत. वर तारखाही पुसल्यात."

चर्चने बाक बदलले. तिसऱ्या रांगेतला एक मात्र मामीने बदलू दिला नाही. तोही वाकडाच, एका टोकाला बसलं की दुसरं टोक उचललं जायचं. त्याच्यावर ती दर रविवारी एकटी बसायची. कुणी म्हणालं, "वहिनी, इकडे नीट बाकावर या की," तर म्हणायची, "नको बाई, हा आमच्या घरचा आहे."

निघताना ती दारात थांबायची. "चला ना. पलीकडच्या टोकाला वजन पडलं तर तो डोलणार नाही."

"एक सरळ बाक करून आणीन, तेव्हाच येईन. त्या लाकडावर मी लोकांदेखत बसणार नाही."

त्यासाठी मामाने चार फळ्या आणल्या आणि स्वतः खडू आणून मामीच्या हातात दिला. या खेपेला एक दिवसही कमी करायचा नाही, असं त्याने ठरवलं होतं.

सहा महिन्यांनी मामी आजारी पडली. डॉक्टरांनी जेवढे महिने सांगितले, ते फळ्यांना लागणाऱ्या महिन्यांपेक्षा कमी होते. मामा एक फळी उचलून थेट तिच्या खाटेपाशी घेऊन आला.

"गाल लाव. सुकी म्हणालीस तर उद्याच करायला घेतो."

मामीने गाल लावला. बराच वेळ. मला वाटलं, निदान आज तरी खोटं बोलेल.

"ओली आहे," ती म्हणाली. "बाकाची घाई करू नका. रविवारी मात्र चला."

"बाक झाला की येतोच."

त्यानंतर ती दोनच रविवार जाऊ शकली, माझ्या हाताला धरून. मी दुसऱ्या टोकाला बसायला गेलो, तर तिने तिथे आपली पिशवी ठेवली. "तू मागे बस. ती जागा धरलेली आहे."

फळ्यांच्या नवव्या महिन्यात मामी गेली.

शवपेटीसाठी ओलं लाकूडही चालतं, असं कुणीतरी मामाला समजावत होतं. त्याने ऐकून घेतलं, आत गेला आणि लग्नाच्या वर्षी केलेलं जेवणाचं टेबल सांधा सांधा करून सोडवलं. त्याच मुरलेल्या लाकडाची पेटी केली. तेव्हापासून तो मांडीवर ताट घेऊन जेवतो.

दफनाच्या दिवशी तो चर्चमध्ये आला. तिसऱ्या रांगेत तिने धरून ठेवलेल्या टोकाला बसला. बाक त्याच्या बाजूला कलला, आणि तिचं टोक वर आलं. मामा त्या टोकाकडे बघत राहिला.

"फळीसाठी थांबायला शिकलो रे," तो मला म्हणाला. "पण हिच्या शेजारी येऊन बसायला काय वाळायचं राहिलं होतं?"



वर्ष भरल्यावर त्याने बाक केला. सरळ, न करकरणारा. खालच्या बाजूला रंधा फिरवला नाही, तिथे मामीच्या अक्षरातली तारीख आहे. पाळकसाहेब तो बाक तिसऱ्या रांगेत ठेवायला निघाले, तर मामाने अडवलं. "हा चौथ्या रांगेत. माझी जागा ठरलेली आहे."

दर रविवारी तो वाकड्या बाकावर बसतो. गेल्या रविवारी मी मागे जात होतो, तर त्याने माझी बाही धरली.

"बस तिकडे. डोलतो तो."

मी बसलो. बाक सरळ झाला. मामाने लाकडावर तळहात टेकवला, थाप मारली नाही. ओठ हलले, पण आवाज आला नाही.