टोपीवालीनं डोकं पाहिलं

आमच्या इमारतीत जिन्याखालच्या खोलीत टोपीवाली राहते. एक खाट, एक शिलाई मशीन आणि लाकडाची पाच गुळगुळीत डोकी, एवढाच तिचा पसारा. त्या डोक्यांवर टोप्या चढवून ती शिवण तपासते. तीस वर्षं कारखान्यात टोप्या शिवल्या, आता घरी शिवते. जीभ तिखट, टाका मात्र इतका बारीक की शोधूनही सापडणार नाही.

आमची पोरगी तीन महिन्यांची झाली तेव्हा टोपीवालीकडून तिला टोपी शिवून घेतली. घातली की घटकेत फिरायची, कानावरची पट्टी डोळ्यावर यायची. बायको टोपी घेऊन खाली गेली.

"मावशी, वाकडी शिवलीय."

"माझ्या हातची वाकडी? डोळे तपासून घे."

पण उसवून परत शिवली. परत तेच. पुन्हा उसवली, तरी तेच. मग मी गेलो. मशीनवरून मान न उचलता म्हणाली, "टोपी नको दाखवूस. पोर दाखव."

गुडघे धरत, जिन्याला शिव्या देत ती तिसऱ्या मजल्यावर आली. पोरीला मांडीवर धरून वरून न्याहाळलं, मागून तळवा फिरवला आणि म्हणाली,

"उजवीकडं मागून डोकं चपटं झालंय. कानही जरा पुढं सरकलाय. आणि मी येडी, टोपी उसवत बसले!"

बायकोला रडू फुटलं. माझी आई बाह्या सारून पुढं झाली. "त्यात काय? रोज दाबून गोल करते."

टोपीवालीनं तिचा हातच धरला. "डोकं आहे ते, मळलेलं पीठ नाही!"

"मग मऊ उशी आणतो," मी म्हणालो.

"श्वास कोंडायचाय का तिचा? गुमान डॉक्टरकडं न्या."

तेवढं बोलून गेली असती तरी चाललं असतं. पण बसली तासभर, पाळण्याकडं बघत. पोरगी सदा उजवीकडंच तोंड करायची. खिडकी तिकडं, आम्ही सगळे तिकडं. डावीकडं कोरी भिंत. "भिंत बघायला कुणाला आवडतंय?" टोपीवाली म्हणाली.

डॉक्टरांनी कवटी चाचपली, मान फिरवून पाहिली. डावीकडं अडत होती. "घाबरू नका, वेळेत आणलंत. झोपवायचं पाठीवरच, उशीबिशी नाही. पाळण्यात कधी डोकं उशाकडं, कधी पायथ्याकडं, म्हणजे खिडकीकडं बघायला मान डावीकडंही वळेल. जागी असेल तेव्हा समोर बसून पालथी ठेवा." मानेचे व्यायामही शिकवले.

पालथी केली की पोरगी बोंब ठोकायची. मग आम्ही तिघंही फरशीवर पोटावर पडून तोंडं वेंगाडायचो. त्यात माझी आई सगळ्यांत वस्ताद निघाली. आठव्या महिन्यात डॉक्टरांनी टेपनं डोकं मोजलं. चपटी बाजू बरीचशी भरली होती. उरलंसुरलं केसांत झाकलं जाईल म्हणाले.

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, आणा ती टोपी परत, घ्या तुमचे पैसे, मिटला विषय. आम्हीही बाजारातून ढगळ टोपी आणली असती आणि चपटेपणा कळेपर्यंत वर्ष उलटलं असतं. ही बाई हातातलं काम टाकून, दुखऱ्या गुडघ्यांनी वर आली.

आता पोरगी रांगते. दुपारी बायको तिला खाली सोडते. टोपीवाली ओरडत असते, "सुयांत हात घालू नको, भवाने!" आणि सुयांचा डबा उचलून उंच फळीवर ठेवते.