कासीम गार्ड लाल झेंडीवर अडकतो

होटगीच्या कासीम गार्डला निवृत्त होऊन वर्ष झालं, हे फक्त रेल्वेला माहीत होतं. कासीमला ते पटलेलं नव्हतं. चौतीस वर्षं मालगाडीच्या शेवटच्या डब्यात काढलेला हा माणूस आता घरातच ड्युटी करायचा. चहा चार मिनिटं लेट झाला तरी बायकोला कारण विचारायचा. सायराबानू कारण द्यायची नाही, शिलाई मशीन जोरात चालवायची.

त्या मशीनखेरीज घरात आवाज नव्हता. दोघांना मूलबाळ नव्हतं. म्हणून भाचीला सोलापुरात नोकरी लागली आणि तिच्या साडेचार वर्षांच्या झीनतला दिवसभर सांभाळायचं कुणी हा प्रश्न निघाला, तेव्हा कासीमनं सगळ्यांच्या आधी हात वर केला. ती पोरगी त्याला घरात हवीच होती.

"तुमी?" सायराबानू म्हणाली. "माझं गुडघं गेल्यात. तिच्यामागं पळणार कोण?"

"अठ्ठावन्न डब्यांची गाडी सांभाळली की मी! हा तर एकच डबा हाय."

शेवटी एक दिवस परीक्षा घ्यायचं ठरलं. पोरगी दुपारी जेवली आणि झोपली तर होटगीत राहील, नाहीतर वैरागला दुसऱ्या आजीकडं. भाची आणि सायराबानू नोकरीचे कागद द्यायला सकाळच्या गाडीनं सोलापूरला गेल्या.

एकच डबा म्हणे! त्या डब्याला इंजिनं दोन होती आणि ब्रेक एकही नव्हता. दहाला झीनत पाण्याच्या टाकीवर होती, साडेदहाला पेरूच्या झाडावर आणि अकराला कासीमच्या मानेवर. शेजारच्या निंगव्वाची कोंबडी तिनं मशीनच्या कव्हराखाली झाकून ठेवली. भाताचा एक घास गालात धरून अंगणाला अकरा फेऱ्या मारल्या, आणि तो घासही शेवटी कोंबडीला दिला. कासीमच्या पायांत गोळे आले. वैरागची आजी त्याला डोळ्यांसमोर दिसायला लागली.

मग त्याला झेंड्या आठवल्या. निवृत्तीच्या दिवशी सायराबानूनं हौसेनं शिवून दिलेल्या, एक लाल, एक हिरवी. हिरवी वर गेली की पळायचं, लाल वर गेली की जागच्या जागी थांबायचं. आणि काय सांगावं, पोरगी थांबली! लाल झेंडीच्या जोरावर त्यानं तिला अख्खं ताट भरवलं.

"नाना, आता मी गार्ड," झीनत म्हणाली. "तुमी गाडी."

कासीमनं खुशाल झेंड्या तिच्या हातात दिल्या. इथंच त्यानं माती खाल्ली.

गाडी पळाली. पेरूला वळसा, न्हाणीला वळसा. सहाव्या फेरीला, भर उन्हात, अंगणाच्या मधोमध लाल झेंडी वर गेली. गाडी थांबली. झीनत ओट्यावर बसली, भिंतीला टेकली आणि झेंडी छातीशी धरून घोरायला लागली.

दुसरा कुणी असता तर गुपचूप सावलीत गेला असता. पण समोर लाल असताना पुढं जायचं? चौतीस वर्षांच्या नोकरीवर एक डाग नव्हता. कासीमनं पाऊल उचलून पाहिलं, पण ते काही पुढं पडेना. हाक मारावी तर पोरगी जागी होणार. अनवाणी तळपाय भाजत होते, म्हणून तो एकदा या पायावर, एकदा त्या पायावर असा उभा राहिला. कोंबडी शोधत निंगव्वा आली आणि कुंपणावरून बघतच राहिली.

"काय वो गार्डसाब, नवस बोललाव का?"

कासीमनं तोंडावर बोट ठेवलं.

साडेचारला दोघी परतल्या, तेव्हा तो घामानं निथळत होता.

"मामू, उन्हात का उभे?" भाची घाबरून म्हणाली.

"हळू बोल. जेवली, झोपली," कासीम कुजबुजला. "मला मात्र सिग्नल न्हाय मिळाला."

सायराबानूनं ओट्यावरच्या पोरीकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं. आपला अवतार बघून ही आता वैरागचंच नाव काढणार, असं कासीमला वाटलं आणि त्याला रडू यायचं बाकी राहिलं.

"पोरगी हितंच राहू दे," ती भाचीला म्हणाली. "लग्न झाल्यापासून मी ह्यांना 'जरा थांबा' म्हणतेय, कधी थांबले न्हाईत. हिनं झोपेत थांबवलं."

कासीमला आनंदानं उडी मारावीशी वाटली. पण समोर अजून लालच होती.