इस्त्री केलेलं माप

वाशीमच्या माझ्या शिलाईच्या दुकानात एक बाई एकदाच आली. दुसऱ्या दिवशी लेकीचा साखरपुडा होता आणि कापड जेमतेम एका ब्लाउजचं. मापाचं जुनं ब्लाउज तिने टेबलावर पसरलं.

"तुमाले आखाले सोपं जाईन म्हणून टक्स उसवले, मस्त इस्त्री मारली," ती ऐटीत म्हणाली.

"अहो, गोलाई त्या टक्सांच्या चुण्यांतच असते. ती गेली. आता कापू कशावरून?"

तिने सपाट ब्लाउजकडे पाहिलं, मग स्वतःच्या भरल्या अंगाकडे, आणि खदखदून हसली.

"मंग माह्यावरून घ्या न, ताई! मले कुठं कोनं इस्त्री केली?"

ती हात पसरून उभी राहिली. टेप लावला की गुदगुल्या व्हायच्या, ती हसायची आणि माप वाढायचं. शेवटी मी हसतानाचंच माप धरलं. साखरपुड्यात ती गप्प थोडीच बसणार होती?